मागं एकजण राहील

ज्ञानूचा बाप वारल्याचा फोन आला तेव्हा गुऱ्हाळाच्या मोठ्या काईलीत उसाचा रस उकळत होता आणि ज्ञानू खाली चुलवाणात चिपाडं सारत होता. फोन त्याच्याजवळ नव्हता. गुऱ्हाळावर आल्या दिवशीच धैर्यशीलनं सगळ्या मजुरांचे फोन गोळा केले होते. धुरानं खराब होतात, म्हणाला, आणि आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिले. वाजला तर तोच उचलायचा. त्या दिवशी त्यानं उचलला, ऐकून घेतलं, खिशात टाकला आणि काहीच बोलला नाही. पाक झाला, काईल उतरली, गूळ वाफ्यात ओतून झाला, घोटून झाला. मग हात पुसत चुलवाणापाशी आला.

"ज्ञानू, तुझा बा गेला रं."

ज्ञानू वर बघत राहिला. धुरानं त्याचे डोळे आधीच लाल होते.

"कवा?"

"दुपारी फोन आलता. म्हटलं आदण उतरू दे. पाक बिघडला तर तुझ्याच जिवाला घोर."

ज्ञानूची बायको सुरेखा रसाच्या टाकीपाशी मळी काढत होती. तिनं हे सगळं ऐकलं. नवऱ्याचा बाप मेल्याचं दुःख व्हायच्या आधी तिच्या मनात आलं की दुपारपासून हा माणूस खिशात ते घेऊन आपल्यासमोर चहा पीत होता.

दोघं परभणी जिल्ह्यातली, जिंतूरच्या पल्याडची. दिवाळी झाल्यावर मुकादमानं पाच-सहा जोडपी टेम्पोत भरून कोडोलीच्या अलीकडच्या ह्या गुऱ्हाळावर आणून सोडली, आणि तो गेला तो परत दिसला नाही. चहूबाजूंनी ऊस. उसातून एक गाडीवाट डांबरी रस्त्याला जायची. गुऱ्हाळाला दार नव्हतं, कुंपण नव्हतं, राखणदार नव्हता. पहिल्या आठवड्यात एक जोडपं तापलेलं पोर घेऊन न विचारता निघालं, तेव्हा धैर्यशीलची जीप त्यांच्या मागून सावकाश गेली आणि त्यांना घेऊन सावकाश परत आली. मारलं नाही, शिवी दिली नाही. पोराला गोळी आणून दिली. संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं, "कुणाला जायचं असंल तर जावा की. मी कुणाला बांधून घातलंय? फकस्त मागं एकजण राहील. गेलेला आला की मग दुसऱ्यानं जायचं."

तेवढ्यानं भागलं. त्यानंतर कुणी गेलं नाही. बायको ठेवून नवरा जाईना आणि पोर ठेवून आई जाईना.

धैर्यशील पस्तिशीचा असेल. बोलायला मऊ. बायकांना ताई म्हणायचा. सकाळी आला की विचारायचा, "चहा झाला का ताई?" सुरेखाला त्या ताईची भीती वाटायची. शिव्या देणारे मालक तिनं पाहिले होते. त्यांचं कधी ना कधी तोंड दुखतं, मग ते गप्प बसतात. हा दमतच नव्हता.

"दोघंबी जातो मालक," ज्ञानू म्हणाला. "थोरला हाय मी. अग्नी मलाच द्यावा लागतो. दहावं झालं की परत येतो."

"जा की. नको कुठं म्हणतोय? ताई ऱ्हातील."

"एकटी कशी ऱ्हाईल ती?"

"एकटी कुठं? एवढी माणसं हाईत. गणपतराव हाईत. माझ्या बहिणीसारखी ऱ्हाईल."

गणपतराव म्हणजे गुळव्या. पाक कधी झाला हे ओळखायचं काम त्याचं. जवळच्याच वस्तीवरचा, साठी उलटलेला माणूस. तो काईलीच्या काठावर बसून होता. त्यानं मान वर केली नाही.

ज्ञानू हटून बसला. गेलो तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. मग सुरेखानंच त्याला बाजूला घेतलं. चिपाडाच्या गंजीआड उभी राहून ती त्याच्याशी भांडली.

"बाप हाय तुमचा. लोक मढं धरून बसलेत तिकडं. जा म्हणते ना."

"तुला ठिवून?"

"मला काय वाघ खातो का? चार-आठ दिसांचा तर सवाल. जा. माह्या गळ्याची आण हाय."

आण घातली म्हणून तो उठला. अंगावर दुसरा सदरा चढवला, पिशवी घेतली. दिवस मावळतीला आला होता. धैर्यशील जीप काढून उभा होता, कोल्हापूरच्या गाडीत बसवून देतो म्हणाला. जीप उसात शिरली आणि ऊस मागून मिटल्यासारखा झाला. सुरेखा लगेच कामाला लागली. ज्ञानूच्या जागी चुलवाणापाशी आता तिला बसायचं होतं.

धैर्यशील अंधार पडल्यावर परत आला. गाडी मिळाली, म्हणाला. बसवून दिलं.

*

दहावं होऊन गेलं. तेरावंही झालं. ज्ञानू आला नाही.

सुरेखानं विचारलं की धैर्यशील म्हणायचा, येईल की. एक दिवस तिनं फारच धरणं धरलं तेव्हा त्यानं कपाटातून तिचा फोन आणला, दिराला लावला, आवाज मोठा केला आणि स्वतः समोर उभा राहिला.

"वहिनी, दादा आलाच न्हाई," दीर म्हणाला. त्याच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता. "दुसऱ्या दिसापस्तोर वाट पाहिली. अग्नी म्या दिला. माय बोलना झाली. फोनबी बंद लागतोय त्याचा. कुठं हाय तो?"

धैर्यशीलनं फोन बंद केला आणि खिशात टाकला.

"मी सोत्ता बसवलंय की त्याला गाडीत," तो म्हणाला. "वाईट वाटून घिऊ नका ताई. पुण्याकडं बांधकामावर लय जातात अशी माणसं. जबाबदारी टाकायची आन् निघायचं. तुम्ही घोर करू नका. तो येस्तवर तुम्ही हितंच."

"आन् तो न्हाईच आला तं?"

"येईल की. न येऊन जातोय कुठं?"

त्यानंतर गुऱ्हाळावरच्या बायका सुरेखाशी हळू आवाजात बोलू लागल्या. कुणी म्हणाली, पुण्यात त्याचं कुणी होतं का गं? कुणी म्हणाली, बापाच्या मरणाचं निमित्त पुरलं त्याला. सुरुवातीला सुरेखा त्यांच्यावर धावून जायची. मग जाईनाशी झाली. ज्ञानू आला नाही, एवढं तर खरं होतं. बायकोसाठी नाही आला, समजू. पण बापाच्या चितेला न आलेला माणूस बायकोसाठी कशाला येईल?

मग तिनं त्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. चिपाडांची कवळ उचलायची, चुलवाणाच्या तोंडात सारायची आणि एक शिवी द्यायची. तुहं वाटोळं होईल. तुहे हातपाय झडतील. मरशील तवा तोंडात पाणी घालायला कुणी भेटायचं न्हाई तुला. ती हे मोठ्यानं म्हणत नसे. जाळाच्या आवाजात ओठ हललेले दिसायचे तेवढेच. त्यानं तिला बरं वाटायचं. दोघांचं काम एकटीनं ओढायला रागाचाच आधार होता.

पण ज्ञानू तिला सोडत नव्हता. भर उन्हात, जाळ ढणढणत असताना, मागच्या उसातून तिला हाक ऐकू यायची. "सुरे." तो एकटाच तिला तसं म्हणायचा. ती वळून बघायची. ऊस हलत असायचा, कधी हलतही नसायचा. एकदा ती हातातली कवळ टाकून उसात शिरली आणि पाती अंगाला कापत असताना आत आत जाऊन उभी राहिली. काही नव्हतं. पलीकडं बांध होता, बांधावर एक पडकी जुनी विहीर होती, तिच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या आणि पाचट टाकलेलं होतं. ती परत आली. दिवसभर तिचे हात गार होते, चुलवाणासमोर बसूनही.

गेला तर गेला, वर हाका मारतो, ह्याचा तिला जास्त संताप आला.

एक गोष्ट मात्र तिनं पाहून ठेवली होती. गणपतराव रोज सकाळचा पहिला गूळ उतरला की पळसाच्या पानावर एक गरम गोळा घ्यायचा आणि उसाच्या कडेनं चालत बांधाकडं जायचा. येताना हात रिकामे असायचे. सुरेखाला वाटलं, रानातल्या देवाला देत असेल. प्रत्येक गावाची आपली रीत असते. पण एकदा दुसऱ्या जोडप्यातला माणूस सहज म्हणाला, "आधी न्हवतं हे म्हाताऱ्याचं. आपण आलो तवा तर तो पयला गूळ चुलवाणातच टाकायचा." आणि गणपतराव तिच्याशी बोलेनासा झाला होता. पूर्वी तो तिला पाकाची बोटं चाखायला द्यायचा. आता तिची सावली पडली तरी बाजूला सरकायचा.

*

संक्रांत झाल्यावर एका दुपारी सुरेखा चालायला लागली. कुणाला विचारलं नाही. पिशवीही घेतली नाही. गाडीवाटेनं डांबरी रस्त्यापर्यंत गेली, रस्त्यानं कोडोलीच्या दिशेनं गेली, आणि स्टँडच्या पाट्या दिसू लागल्या तेव्हा जीप तिच्या शेजारी येऊन थांबली.

"बसा ताई," धैर्यशील म्हणाला. "ऊन लय हाय."

रस्त्यावर माणसं होती. दूध घालायला निघालेली, शाळेतून सुटलेली. ओरडावं असं तिला वाटलं, पण काय ओरडायचं? हा माणूस मला ताई म्हणतो आणि जीपमध्ये बस म्हणतो, असं? ती बसली. पुढच्या सीटवर, जिथं ज्ञानू बसला असेल तिथंच. सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. गाडीवाटेवर जुन्या विहिरीचं वळण आलं आणि धैर्यशीलनं, एवढा वेळ बैलगाडीच्या चालीनं जीप चालवणाऱ्या माणसानं, एकदम वेग वाढवला. खड्ड्यात जीप आदळली, सुरेखाचं डोकं वर पत्र्याला लागलं. वळण गेलं तसा तो पुन्हा हळू झाला.

"लागलं का?" त्यानं विचारलं. त्याच्या कपाळाला घाम होता.

गुऱ्हाळावर तिला उतरवून तो म्हणाला, "असं पुन्यांदा करू नका. मागं राहिलेलं माणूस निघून गेलं तर गेलेल्यानं यायचं कुणापाशी?"

त्या वाक्यानं ती खचली. त्या दिवसापासून तिनं निघायचा विचार सोडला. हंगाम संपेल तेव्हा संपेल.

*

होळीच्या सुमाराला शेजारच्या अण्णासोंनी जेसीबी आणला.

अण्णासो मगदूम म्हणजे बांधापलीकडच्या रानाचे मालक. जैन, सत्तरीचे, शिस्तीचा माणूस. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून रानातून ठरल्या वेळी निघणार. गुऱ्हाळावरची माणसं जाऊ शकत नाहीत हे त्यांना ऐकून माहीत होतं. दुसऱ्याच्या बांधावरच्या गोष्टीत आपण पडू नये, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी पाळलं होतं. त्या सकाळी त्यांच्या मनात मजूर नव्हतेच. बोअरचं पाणी उतरलं होतं, आणि बांधावरची जुनी विहीर दोन्ही घरांच्या सामाईकीत होती. गाळ काढला तर उन्हाळा निघाला असता.

जेसीबीनं विहिरीच्या तोंडावरच्या बाभळी ओढायला सुरुवात केली. तो आवाज गुऱ्हाळापर्यंत आला आणि धैर्यशील खोलीतून पळत निघाला. पायात चप्पलसुद्धा नव्हती. त्याला पळताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबव! ए, थांबव म्हणतो न्हवं!"

"काय झालं रं?" अण्णासो म्हणाले. "पाण्यासाठी काढतोय. निम्मा खर्च दे न्हायतर दिऊ नगंस, पाणी दोघांला."

"विहीर माझी हाय."

"सामाईक हाय. तुझ्या बाला विचार जा."

"न्हाय काढायची म्हणजे न्हाय काढायची! मोजणी आणा आदी. मोजणीशिवाय एक दगूड हलला तर बघा!"

आवाज चढला होता. मऊ बोलणारा तो माणूस किंचाळत होता. मजूर काम सोडून तिकडं बघू लागले. सुरेखा चुलवाणापाशी कवळ हातात घेऊन उभी होती. तिनंही तिकडं बघितलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं वर गणपतरावाकडं बघितलं.

गणपतराव भांडणाकडं बघत नव्हता. तो तिच्याकडं बघत होता. हातातलं पाक ढवळायचं लांब दांड्याचं फावडं थांबलं होतं. पाक भरात आला होता, पिवळे बुडबुडे फुटत होते, आणि चाळीस वर्षांत ज्याच्या हातून एक आदण करपलं नव्हतं तो माणूस फावडं धरून नुसता उभा होता आणि त्याची हनुवटी लहान पोरासारखी हलत होती.

सुरेखाच्या हातातली कवळ खाली पडली.

ती निघाली. पळाली नाही. उसाच्या कडेनं, रोज गणपतराव जायचा त्या वाटेनं चालत गेली. बांधाखाली एका दगडाजवळ पळसाची पानं पडलेली होती, वाळलेली, कालची, आजची. त्यांवर मुंग्या होत्या. ती पानं ओलांडून ती विहिरीपाशी आली, जेसीबी आणि धैर्यशील ह्यांच्या मधून गेली आणि विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली.

"उपसा," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही कामावर जावा."

"उपसा. म्या हितून उठत न्हाई."

धैर्यशीलनं तिचा दंड धरला. पहिल्यांदाच त्यानं तिला हात लावला होता. ती आत तोल जाईल एवढी वाकली आणि त्याच्या हाताला हिसका बसला.

"वढा," ती म्हणाली. "वढा न्हाईतर लोटा. एकाला लोटलंच हाय."

अण्णासो एक पाऊल मागं सरले. "काय म्हणाली ही?"

"येडी झालीया. नवरा पळाला हिचा."

"पळाला न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

गणपतराव आला होता. त्याच्या मागं, चिपाडांच्या वाटेनं, बाकीची माणसं येत होती. आधी तो तापलेल्या पोराचा बाप, मग त्याची बायको, मग सगळेच. गुऱ्हाळावर कुणी राहिलं नाही. वाऱ्यावर गूळ करपल्याचा वास यायला लागला. गोड, काळा, घशात बसणारा.

"गणपा, तोंड बंद ठेव," धैर्यशील म्हणाला. "माझ्या जागेत घर हाय तुझं."

"घरात झोपतोय कोण मालक?" गणपतराव म्हणाला. "चार महिनं झालं, डोळा मिटला की ह्यो पोरगा पाणी मागतोय."

तो सुरेखाच्या जवळ खाली बसला आणि तिच्याकडं न बघता बोलला.

"मी रसात घालायची भेंडी तोडून ह्या बांधानं येत हुतो. जीप हितं वळणावर थांबलीवती. तुझा नवरा खाली उतरला. म्हणत हुता, मला न्हाय जायचं. तिला घेतल्याबिगर मी जात न्हाय. बाला भाऊ अग्नी दील, पर हिला हितं ठेवून मी जात न्हाय. आन् माघारी वळला, गुऱ्हाळाकडं. मालक जीपमधली लोखंडी पहार घिऊन मागनं गेलं. एकच घाव. मी बघितलं. मला म्हणालं, तू काय बघितलं न्हाईस. मग मी बघितलं न्हाय."

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.

"माघारी वळला व्हता?" सुरेखानं विचारलं.

"व्हय."

"माह्याकडं?"

"तुझ्याकडंच की पोरी."

तिनं विहिरीत बघितलं. बाभळी सरकलेल्या फटीतून खाली हिरवं, न हलणारं पाणी दिसत होतं. बायका तिला धरायला पुढं आल्या तर तिनं हात वर करून त्यांना थांबवलं, आणि मग ती पाण्याकडं तोंड करून भराभर काहीतरी पुटपुटू लागली. जवळच्या बाईला वाटलं मंत्र म्हणतेय. ती म्हणत होती, न्हाई, न्हाई, तसं न्हाई, ते खरं न्हाई, म्या तसं म्हणले न्हाई.

धैर्यशील जीपकडं निघाला. त्याच्या वाटेत माणसं उभी होती. ती बाजूला झाली नाहीत. त्यानं एकेकाचं नाव घेतलं, आवाज मऊ केला, "अरं सरका की," म्हणाला. एकही जण सरकला नाही. अण्णासोंनी खिशातून फोन काढला. जेसीबीवाल्यानं नंबर लावून दिला.

*

पोलीस आले, पाणबुडे आले. खताच्या पोत्यांत दगड भरून प्रेताला बांधलेले होते. सुरेखाला बघू नको म्हणाले, पण ओळख पटवायची तर तिच्याशिवाय कोण होतं? चेहऱ्यावरून पटण्यासारखं काही उरलं नव्हतं. सदऱ्याच्या आतल्या बाजूला एक चोरखिसा होता, तिनंच तिच्या जुन्या पोपटी चोळीचं कापड लावून शिवलेला. चार महिने पाण्यात राहूनही तो पोपटीच होता. ती म्हणाली, हाच. आणि तो सदरा सोडेना.

धैर्यशीलला नेलं. गणपतरावालाही नेलं, तो आपण होऊन गाडीत चढला. अधिकारी येऊन एकेका मजुराचा जबाब घेऊन गेले आणि सगळ्यांना मोकळं केलं. कपाटातले फोन परत मिळाले. लोकांनी ते हातात घेतले आणि कुणाला लावावा हे कुणाला सुचेना. तापलेल्या पोराचा बाप गाडीवाटेच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथं थांबून मागं बघत राहिला. जीप येईल असं वाटलं, तो म्हणाला.

अण्णासो दवाखान्याच्या आवारात सुरेखाजवळ येऊन उभे राहिले. गावी जायला गाडी करून देतो, म्हणाले. मग म्हणाले, "मला म्हाईत हुतं, पोरी. एवढं न्हवतं म्हाईत. पर तुमाला जाऊ देत न्हाईत, हे म्हाईत हुतं."

"मंग?" सुरेखा म्हणाली.

अण्णासो गाडी ठरवायला निघून गेले. पंचगंगेच्या घाटावर दीर येऊन पोचल्यावर दहन झालं, आणि दोघं अस्थी घेऊन गावाकडं निघाली.

*

गावात सासू उंबऱ्यात बसली होती. मुलगा बापाच्या मातीला आला नाही म्हणून एवढे महिने तिनं त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. कुणी काढलं तर उठून जायची. दिरानं मडकं खाली ठेवलं. म्हातारी त्याकडं बघत राहिली.

सगळे गेल्यावर तिनं सुरेखाला जवळ बसवलं.

"तू त्याला शिव्या देल्त्या का?"

सुरेखानं मान हलवली.

"लई?"

"रोज."

"म्याबी," म्हातारी म्हणाली. "माह्या पोटी कशाला आला म्हणलं. चुलीपाशी बसून म्हणलं." ती थांबली. "त्याला ऐकू गेलं असंल का गं?"

सुरेखाला खोटं बोलावंसं वाटलं. पण उसातली ती हाक आठवली, आणि ज्याची हाक आपल्याला ऐकू येते त्याला आपलं ऐकू जात नसेल, असं तिला म्हणता येईना.

"तो माघारी वळला व्हता," ती म्हणाली. "जाता जाता माघारी वळला व्हता, माय. माह्याकडं येत व्हता."

म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर ओढलं. बाहेर कुणाच्या तरी घरी टीव्ही चालू होता.

मुलाचा विधी झाला त्या दिवशी बापाचंही पान मांडलं. दीर खटल्याच्या तारखांना तिला कोल्हापूरला घेऊन जायचा. पहिल्या तारखेला ती कोर्टाच्या दारात अडली. आत गेलं तर बाहेर येऊ देतील का, असं तिनं वकिलीणबाईंना विचारलं. वकिलीणबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि तिचा हात धरून आत घेऊन गेल्या. साक्ष देताना ती चुकली नाही. धैर्यशीलनं खाली बघितलं. तिनं खाली बघितलं नाही.

दिवाळीनंतर मुकादमाचा टेम्पो गावात आला. मुकादम तो नव्हता, दुसरा होता. पण टेम्पो तसाच, आणि दारादारातून पिशव्या, चुली, कोंबड्या तशाच निघत होत्या. सुरेखा रस्त्यावर जाऊन उभी राहिली. एकेका बाईला ती थांबवत होती.

"फोन देऊ नका कुणाला. आन् मागं कुणी ऱ्हायचं न्हाई. जायचं तं दोघांनी, यायचं तं दोघांनी. कुणी मेलं तरी."

बायका ऐकत होत्या, मान हलवत होत्या. तिचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. नव्यानं लग्न झालेली तेजस्वी नावाची पोर पिशवी खांद्यावर घेऊन तिच्यापाशी थांबली.

"काकू, आन् त्यायनं म्हणलं, एकाला ऱ्हावंच लागतं, तं?"

"तं दोघंबी बसून ऱ्हा. पर त्याला जा म्हणू नको," सुरेखा म्हणाली. "आण घालू नको."

पोरीच्या नवऱ्यानं वरून हात दिला आणि ती टेम्पोत चढली. चढताना तिनं एकदा वळून बघितलं. टेम्पो भरला, निघाला, माळावरच्या धुळीत शिरला. धूळ खाली बसेपर्यंत सुरेखा उभी होती.

घरी आली तेव्हा सासू दारात वाट बघत होती.

"गेले का समदे?"

"गेले," सुरेखा म्हणाली, आणि पाण्याची कळशी उचलून आत गेली.